संगीत रचना : पदवीचा दुय्यम विषय

महाराष्ट्राच्या सांस्कृतिक जीवनात चाल लावणाऱ्या कलावंताचे स्थान फार मोठे आहे. १९११ साली रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमान’ नाटकातील पदांना गोविंदराव टेंबे यांनी, तर १९१६ च्या ‘स्वयंवर’मधील पदांना भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या. १९५५ साली पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’तील ५६ गीते सुधीर फडके यांनी स्वरबद्ध केली. ही विद्या गुरूगृही, नाटक मंडळीत किंवा भजनी मंडळात कानांनी ऐकून आत्मसात केली जात असे. विद्यापीठात तिचा पद्धतशीर अभ्यास करावयाचा, तर संगीताचीच पदवी घ्यावी लागे. त्यामुळे वाणिज्य अथवा विज्ञान शाखेकडे वळलेल्या गुणी विद्यार्थ्याची पेटी बहुधा घरीच बंद होऊन पडे.

पदवीच्या रचनेतील बदल

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे या परिस्थितीत बदल घडून येत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये जाहीर केलेल्या आराखड्यात मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषयाची, म्हणजेच ‘मायनर’ची तरतूद आहे. या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीच्या किमान १२० श्रेयांकांपैकी २४, तर चार वर्षांच्या पदवीच्या किमान १६० पैकी ३२ श्रेयांक दुय्यम विषयासाठी आहेत. एका श्रेयांकासाठी सत्रात व्याख्यानाचे १५ किंवा प्रात्यक्षिकाचे ३० तास द्यावे लागतात. विद्यापीठागणिक तपशिलात फरक असतो आणि प्रत्येक महाविद्यालयात संगीत हा विषय उपलब्ध असतोच असे नाही. म्हणून प्रवेशापूर्वीच त्याची चौकशी करणे हिताचे ठरते.

काय शिकावयाचे?

रचनेच्या अभ्यासाचा पाया राग व ताल यांचे ज्ञान हा होय. त्यापाठोपाठ येते स्वरलेखन. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) यांनी रूढ केलेल्या पद्धतीत कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी स्वराखाली आणि तार सप्तकासाठी स्वरावर बिंदू दिला जातो. या मोजक्या चिन्हांच्या साहाय्याने मनात सुचलेली चाल कागदावर स्थिर होते व दुसऱ्या गायकाला ती जशीच्या तशी देता येते.

खरी कसोटी लागते ती शब्दांना सूर देताना. मोठ्या अभंगाचे उदाहरण घेता येईल. त्याच्या चार चरणांत अनुक्रमे ६, ६, ६ व ४ अक्षरे असतात. सहा मात्रांच्या दादऱ्यात पहिले तीन चरण एका मात्रेस एक अक्षर याप्रमाणे सहज बसतात. चौथ्यात मात्र दोन मात्रा उरतात. तेथे शेवटचे अक्षर लांबवावे, की वाद्यांना अवसर द्यावा, हे रचनाकाराने ठरवावयाचे असते. हाच अभंग आठ मात्रांच्या केरव्यात बांधला, तर प्रत्येक चरणात हा प्रश्न उभा राहतो. भलतेच अक्षर लांबले, तर शब्द तुटतो आणि अर्थाची हानी होते. समेवर कोणता शब्द यावा, मुखड्याकडे कसे परतावे, अंतरा कोठे उंचवावा, हे निर्णयही असेच विचारपूर्वक घ्यावे लागतात. प्रत्यक्ष चाली बांधून, त्या गाऊन, त्यांवर मार्गदर्शकाशी चर्चा करूनच ही दृष्टी येते. केवळ पाठांतराने नव्हे.

लेखनाचे महत्त्व

स्वरलेखनाला कायद्याचीही बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या मूळ व्याख्येनुसार संगीतकृती लिखित स्वरूपात असणे आवश्यक होते. कानावर विसंबून चाली बांधणाऱ्या कलावंतांच्या दृष्टीने ही अट अडचणीची होती. १९९४ च्या दुरुस्तीने ती दूर झाली. २०१२ च्या दुरुस्तीने आणखी एक पाऊल टाकले. चित्रपटासाठी केलेल्या रचनेचा चित्रपटगृहाबाहेर वापर झाल्यास मिळणाऱ्या स्वामित्वधनातील आपला वाटा संगीतकाराला वारस अथवा कॉपीराइट संस्था यांखेरीज अन्य कोणास देऊन टाकता येत नाही. लिखाणाची अट आता उरली नसली, तरी चाल कोणाची असा वाद उद्भवल्यास तारखेसह केलेले स्वरलेखन हा उपयुक्त पुरावा ठरू शकतो. नवोदित रचनाकाराने करारावर सही करण्यापूर्वी या तरतुदी समजून घेणे अगत्याचे आहे.

मर्यादा आणि लाभ

२४ श्रेयांकांत कोणी निष्णात संगीतकार होत नाही. त्यासाठी गुरूचे मार्गदर्शन व वर्षानुवर्षांचा रियाज यांना पर्याय नाही. दुय्यम विषय म्हणजे नोकरीची हमीही नव्हे. तथापि मुख्य विषयाच्या आधारे उपजीविकेची वाट मोकळी ठेवून, अंगच्या गुणाला शिस्त लावण्याची संधी त्यातून मिळते. शाळेतील समूहगीत, हौशी रंगभूमी, गावचे भजनी मंडळ किंवा ध्वनिमुद्रण या सर्व ठिकाणी शब्द आणि सूर यांची जाण असलेल्या माणसाची गरज असते.

पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात १९८७ पासून गुरुकुल परंपरा व विद्यापीठीय शिक्षण यांचा मेळ घालण्यात आला. तसा मेळ अन्य शाखांच्या विद्यार्थ्यांनाही अल्प प्रमाणात का होईना लाभावा, हा दुय्यम विषयामागील हेतू आहे. तो सफल होण्यासाठी महाविद्यालयांनी जाणते शिक्षक नेमणे, आणि पालकांनी पाल्याच्या पेटीकडे अभ्यासातील अडथळा म्हणून न पाहणे, या दोन्ही गोष्टींची तितकीच आवश्यकता आहे.