मांडीवरचा उतारू

नाशिकच्या माणसाला विमानांत बसावयाचें म्हणजे पुष्कळ वर्षें आधीं मुंबई गांठावी लागे. ओझर येथें लढाऊ विमानांचा कारखाना १९६४ सालीं निघाला, तथापि ती धावपट्टी सामान्य उतारूंच्या उपयोगीं येण्यास बराच काळ जावा लागला. २०२३ च्या मार्चांत इंडिगो कंपनीनें ओझरहून गोवा, अहमदाबाद व नागपूर येथें विमानें सुरू केलीं. आतां तान्हें मूल कडेवर घेऊन आजोळीं निघालेली आईही या वाटेनें जाऊं शकते.

दोन वर्षांखालील मुलाचें नांव तिकिटावर असतें, त्याबद्दल कंपनी आकार घेते, जन्माचा दाखलाही पाहते. मात्र त्याला स्वतःची जागा नसते. त्यानें मांडीवर बसावयाचें. जातांना तेवीस महिन्यांचें असलेलें मूल परततांना दोन वर्षांचें झालें, तर परतीला त्याची जागा घ्यावी लागते.

विमानांतील सेविका कित्येकदां आईला जागा बदलावयास लावतात, आणि तो उद्धटपणा वाटून शब्दाला शब्द लागतो. त्यामागें कारण असतें. विमानांतील हवेचा दाब उतरल्यास प्राणवायूचे जे मुखवटे खालीं येतात, ते प्रत्येक ओळीच्या एका बाजूस जागांपेक्षां बहुधा एकच अधिक असतात. म्हणून त्या बाजूस दोन तान्हीं मुलें बसवीत नाहींत. आईनें आपलाच पट्टा दोघांभोंवतीं कधींही आवळूं नये. धक्का बसल्यास तिचा सारा भार मुलावर येतो. मुलाचा निराळा लहान पट्टा सेविकेकडून मागून घ्यावा. त्यांत संकोच कसला?

अर्थात् मांडी ही कांहीं सुरक्षित जागा नव्हे. १९८९ च्या जुलैंत अमेरिकेंतील सू सिटी येथें एक मोठें विमान निकामी होऊन कोसळलें. त्यांत मांडीवरचीं चार मुलें होतीं. मुख्य सेविका जॅन ब्राऊन यांनीं, त्या वेळच्या पद्धतीप्रमाणें, तीं आईबापांच्या पायांशीं खालीं ठेवावयास सांगितलें. त्यांपैकीं एक दगावलें. पुढें वर्षानुवर्षें या बाईंनीं तान्ह्यालाही पट्ट्याचें स्वतंत्र आसन असावें, अशी मागणी केली. सरकारी उत्तर असें कीं, दुसरें तिकीट परवडलें नाहीं तर कुटुंबें मोटारीनें जातील, आणि रस्त्यावर अधिक माणसें मरतील. हिशेब खोटा नाहीं. पण त्यानें आईचें समाधान व्हावें कसें?

रोजची अडचण मात्र कानाची. कसारा घाट उतरतांना कानांत दडे बसतात, हें नाशिककरांस सांगावयास नको. विमानांतील हवा सहा ते आठ हजार फूट उंचीवरील हवेइतकी विरळ होते. आपलें कळसूबाईचें शिखर ५,४०० फुटांचें. पडद्यामागील पोकळी घशाशीं जोडणारी एक नळी असते. गिळतांना ती क्षणभर उघडते व दाब सारखा होतो. तान्ह्याची नळी आंखूड, अरुंद व आडवी असते, आणि आवंढा गिळ म्हणून त्याला सांगतां येत नाहीं. चढतांनापेक्षां उतरतांना दुखतें अधिक, कारण बाहेरचा दाब वाढून नळीचें तोंड मिटतें. पुष्कळ आया उड्डाणाच्या वेळींच मुलाला पाजून मोकळ्या होतात. विमान टेकण्यापूर्वीं सुमारें अर्धा तास तें खालीं येऊं लागतें; खरी गरज तेव्हां असते. मूल झोपलें असल्यास हलकेच उठवून पाजावें. सर्दी असेल तर निघण्यापूर्वींच डॉक्टरांस विचारावें.

दुधासाठीं गरम पाणी हवें असल्यास तें आधींच सांगून ठेवावें; विमान उतरूं लागल्यावर सेविकांनाही आपापल्या जागीं बसावें लागतें. अडीच तासांपर्यंतच्या प्रवासाचें विमान दोन तासांहून अधिक रखडलें, तर उतारूंस अन्नपाणी देणें कंपनीवर बंधनकारक आहे. दाद न मिळाल्यास सरकारच्या ‘एअर सेवा’कडे तक्रार करतां येते. परंतु तें अन्न मोठ्यांचें. बाळाचें दूध आणि लंगोट घरूनच, आणि लागतील त्यांच्या दुप्पट न्यावेत.