क्षेत्रकार्यातील संगणकीय नोंदसाधन : निवडीचे निकष

१. प्रास्ताविक

बोली आणि लोकसाहित्य यांचा अभ्यास संकलनाच्या पायावर उभा असतो. संकलन कोणत्या साधनाने झाले, यावर निष्कर्षांची विश्वसनीयता बऱ्याच अंशी अवलंबून राहते. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणातील मराठीविषयक खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. त्यातील बोलींच्या नमुन्यांत बायबलमधील उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताची रूपांतरे आहेत. ठिकठिकाणच्या शासकीय यंत्रणेमार्फत हे नमुने लेखी स्वरूपात मिळविण्यात आले. त्यांचा उपयोग करताना बोलणाऱ्याची बोली कोणती आणि लिहिणाऱ्याची सवय कोणती, हा प्रश्न अभ्यासकाला आजही सोडवावा लागतो.

आज एम.ए.च्या प्रकल्पापासून पीएच.डी.च्या प्रबंधापर्यंत लेखनिकाचे हे काम मोबाइलमधील सॉफ्टवेअरकडे आलेले आहे. लेखनिक बदलला, त्याची चिकित्सा करण्याची गरज मात्र संपलेली नाही. असे असूनही सॉफ्टवेअरची निवड बहुधा परिचय आणि फुकट उपलब्धता या दोन कारणांनी होते. ही निवड केवळ तांत्रिक नसून ती संहिताचिकित्सेचा आणि संशोधननीतीचा भाग कशी ठरते, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

येथे दोन अपेक्षा वेगळ्या करावयास हव्यात. निवेदकाने जे सांगितले ते जसेच्या तसे टिकणे ही विश्वसनीयता होय. जे सांगितले ते, ज्या हेतूने सांगितले त्यापलीकडे न जाणे ही सुरक्षितता होय. एक अपेक्षा पूर्ण करणारे साधन दुसरी पूर्ण करीलच असे नाही.

२. उपलब्ध साधने आणि त्यांचा मूळ हेतू

महाविद्यालयीन प्रकल्पांत सर्वाधिक वापर गूगल फॉर्म्सचा होतो. विद्यार्थ्यांकडून अभिप्राय मागविण्यासाठी ते सोयीचे असले, तरी प्रश्नावली भरून पाठविण्यासाठी त्याला इंटरनेट लागते. सातपुड्यातील पाड्यावर किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर ही अट पुष्कळदा पूर्ण होत नाही.

क्षेत्रकार्य नजरेसमोर ठेवून तयार झालेल्या साधनांत ओडीके, म्हणजे ओपन डेटा किट, प्रमुख होय. अमेरिकेतील वॉशिंग्टन विद्यापीठात २००८ साली त्याचे काम सुरू झाले. कोबो टूलबॉक्स हे साधन हार्वर्ड ह्युमॅनिटेरियन इनिशिएटिव्हमध्ये ओडीकेच्याच आधारावर विकसित झाले. दोन्हींत प्रश्नावली एका साध्या तक्त्याच्या रूपाने लिहिता येते, प्रश्न एकाहून अधिक भाषांत देता येतात आणि नोंदी संपर्काविना मोबाइलमध्ये साठवून नंतर सर्व्हरकडे पाठविता येतात. दोन्हींची आज्ञावली खुली असल्याने पुरेसे तांत्रिक साहाय्य असल्यास विद्यापीठ स्वतःच्या सर्व्हरवरही ती चालवू शकते.

तथापि ही साधने मुख्यतः आरोग्य, आपत्तिनिवारण आणि विकासकार्य यांच्या गरजांतून वाढली आहेत. होय-नाही, संख्या, पर्यायांतून निवड अशी उत्तरे त्यांच्यात उत्तम बसतात. जात्यावरच्या ओवीचे, गोंधळातील आख्यानाचे किंवा वऱ्हाडी वृद्धेच्या आठवणीचे तसे नाही. म्हणून प्रश्नावलीच्या सॉफ्टवेअरकडे संपूर्ण संहितेची अपेक्षा न करता, कोणी, कोठे, केव्हा, कोणत्या प्रसंगी, कोणासमोर सांगितले, या संदर्भनोंदीचे काम त्याच्याकडे द्यावे. संहितेसाठी स्वतंत्र ध्वनिमुद्रण करावे आणि दोहोंना जोडणारा एकच क्रमांक ठेवावा. ही विभागणी आधी न केल्यास साधन कोणतेही असले तरी संकलनात गोंधळ होतो.

३. ध्वनीची निष्ठा

ओडीकेमध्ये ध्वनिमुद्रणाची सोय असून गुणवत्तेच्या पायऱ्या निवडता येतात. ‘सामान्य’ पायरीवर तासाला सुमारे ३० मेगाबाइट, तर ‘केवळ आवाज’ या पायरीवर सुमारे ५ मेगाबाइट जागा लागते. जागा आणि इंटरनेटचा खर्च वाचावा म्हणून दुसऱ्या पायरीकडे कल होणे स्वाभाविक आहे. परंतु या पायरीवर आवाजाचे सेकंदाला ८००० नमुने घेतले जातात. परिणामी ४००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी नोंदलाच जात नाही.

मराठीच्या अभ्यासकाला याचा अर्थ चटकन कळावा. ‘चार’ या संख्यावाचकातील तालव्य ‘च’ आणि ‘चारा’तील दंतमूलीय ‘च’ यांच्यात देवनागरी लेखन भेद दाखवीत नाही. तो भेद केवळ उच्चारात असतो. दंतमूलीय उच्चारातील सकारसदृश घर्षणाचा मोठा भाग ४००० हर्ट्झच्या वर असतो. म्हणजे लिपी जो भेद दाखवीत नाही, तोच भेद हलक्या गुणवत्तेच्या मुद्रणात पुसट होतो. बोलीच्या नकाशावर या दोन उच्चारांची सीमारेषा आखू पाहणाऱ्या संशोधकाजवळ मग पुरावाच उरत नाही.

यासाठी स्वतंत्र ध्वनिमुद्रक वापरून वेव्ह या असंकुचित स्वरूपात मुद्रण करणे इष्ट. सेकंदाला ४८,००० नमुने आणि २४ बिट या मानाने एकपदरी मुद्रणास तासाला सुमारे ५२० मेगाबाइट जागा लागते. आजच्या स्मृतिपत्रांच्या क्षमतेचा विचार करता ही अडचण मोठी नाही.

४. लिपीची निष्ठा

लेखी नोंदीतही लेखनिकाचा हस्तक्षेप होतो. मोबाइलवरील कळफलक पुढचा शब्द सुचवितो आणि काही वेळा लिहिलेला शब्द आपणहून बदलतो. त्याच्या शब्दसंग्रहावर प्रमाण मराठीची छाप असते. ‘व्हता’चे ‘होता’, ‘पानी’चे ‘पाणी’ होण्यास एक निष्काळजी स्पर्श पुरतो. बोलून लिहिण्याच्या सोयीत हा धोका अधिक असतो. अशा नोंदीत चूक दिसत नाही, कारण प्रमाण शब्द वाचकाला बरोबरच वाटतो. तेव्हा क्षेत्रकार्यास निघण्यापूर्वी शब्दसूचना आणि आपोआप दुरुस्ती बंद करणे हा पहिला नियम ठरावा.

दुसरी अडचण अक्षरांच्या संगणकीय संकेतांची आहे. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ किंवा ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद मराठी वाचक सहज ओळखतो. परंतु अर्ध्या ‘र’ची ही चंद्रकोरीसारखी खूण युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येते : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडून, अथवा साध्या ‘र’नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. पडद्यावर दोन्ही रूपे सारखीच दिसतात. संगणकाच्या शोधात मात्र ती वेगळी ठरू शकतात. दोन विद्यार्थ्यांनी दोन कळफलक वापरले, तर एकाच शब्दाचे दोन शब्द होतात आणि वारंवारितेची गणना चुकते. म्हणून संकलनातील सर्वांनी एकच कळफलक वापरावा आणि अशा शब्दांची चाचणी आधीच घ्यावी.

५. नाशाचा धोका

‘लीळाचरित्रा’ची मूळ प्रत खालशाच्या धाडीत नष्ट झाली आणि पुढे अनुयायांच्या स्मरणातून पाठ सिद्ध करण्यात आले, असे महानुभाव परंपरा सांगते. त्यातून निर्माण झालेल्या पाठभेदांशी मराठीचे संशोधक आजही झुंजत आहेत. एकाच प्रतीवर विसंबण्याची किंमत मराठी साहित्याच्या अभ्यासकाला वेगळी सांगावयास नको.

मोबाइल हरवणे, पाण्यात पडणे, स्मृती भरून नोंद अर्धवट राहणे या आजच्या धाडी होत. सॉफ्टवेअर निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात. नोंद अपूर्ण असताना मोबाइल बंद पडला तर भरलेला भाग राहतो काय? पाठविण्याची क्रिया मध्येच तुटली तर नोंद मोबाइलवर सुरक्षित राहते काय? आणि नोंदीत नंतर कोणी बदल केल्यास मूळ रूप पाहता येते काय? या शेवटच्या प्रश्नाला संहिताचिकित्सेच्या दृष्टीने विशेष महत्त्व आहे. ओडीकेच्या सेंट्रल या सर्व्हरप्रणालीत दुरुस्त्यांचा इतिहास जपला जातो. सामायिक तक्त्यात अनेकांनी थेट लिहिण्यापेक्षा अशी व्यवस्था श्रेयस्कर, कारण तेथे मूळ पाठ आणि संपादित पाठ एकमेकांत मिसळत नाहीत.

६. गोपनीयता आणि निवेदकाचा विश्वास

सुरक्षिततेची चर्चा अनेकदा परक्यांच्या चोरीपुरती मर्यादित राहते. लोकसाहित्याच्या क्षेत्रात धोका अधिक जवळचा असतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांच्या पुढाकाराने जमलेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांच्या संग्रहावरून स्त्रिया जात्यावर काय काय बोलतात याची कल्पना येते : माहेर, भाऊ, सासुरवास, नवऱ्याचे वागणे. अशी ओवी गाणाऱ्या स्त्रीचे नाव, गाव आणि घराचे अचूक स्थान एकाच तक्त्यात असेल आणि तक्त्याचा दुवा ज्याच्या हाती पडेल त्याला उघडता येत असेल, तर त्या ओवीचा पहिला वाचक तिच्याच घरातील असू शकतो. तिने विश्वासाने गायिले; साधनाने तो विश्वास मोडला.

भटक्या-विमुक्त समाजांबाबत हा प्रश्न अधिक गंभीर होतो. १८७१च्या कायद्याने ‘गुन्हेगार’ ठरविलेल्या जमाती १९५२ साली विमुक्त झाल्या, तरी संशयाची दृष्टी संपली नाही. बाहेरच्यांना कळू नये म्हणून जपलेली सांकेतिक भाषा आणि पालांचे जीपीएस-स्थान या दोन्ही गोष्टी एका नोंदीत उघड्या ठेवणे अभ्यासकाला शोभणारे नाही. प्रश्नावलीत स्थाननोंद आपोआप होते काय, ती बंद करता येते काय, गावाऐवजी तालुक्यापर्यंतच थांबता येते काय, हे निवडीपूर्वीच तपासावे.

कूटलेखनाची सोय हा पुढचा निकष होय. ओडीके आणि कोबो यांत नोंद पूर्ण होताच ती मोबाइलवरच कूटबद्ध करता येते. नंतर ती त्या मोबाइलवर उघडत नाही आणि खाजगी किल्ली असलेल्यालाच वाचता येते. मोबाइल हरवला तरी मजकूर उघड होत नाही. मात्र किल्ली हरवल्यास संकलन संशोधकालाही कायमचे बंद होते. महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत आपले ग्रंथ राखले. पण त्यामुळेच ते शतकानुशतके पंथाबाहेरच्या वाचकांना अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे, वि. ल. भावे आदींच्या प्रयत्नांनी सकळ लिपीची उकल झाली, तेव्हा मराठी वाङ्मयेतिहासाचे एक दालन खुले झाले. आजचे कूटलेखन अशा प्रयत्नांना दाद देणारे नाही. म्हणून किल्लीच्या दोन प्रती, दोन ठिकाणी, दोन जबाबदार व्यक्तींकडे असणे आवश्यक आहे.

डिजिटल व्यक्तिगत विदा संरक्षण अधिनियम, २०२३ यात संशोधनासाठी सवलत आहे. परंतु ती सशर्त आहे. माहितीचा उपयोग संबंधित व्यक्तीविषयी निर्णय घेण्यासाठी होता कामा नये आणि विहित मानके पाळली गेली पाहिजेत. कायद्याची सवलत म्हणजे निवेदकाची संमती नव्हे. संमती तिच्या बोलीत मागावी आणि ध्वनिमुद्रणाच्या आरंभी नोंदवावी.

७. टिकाऊपणा

सॉफ्टवेअरचे आयुष्य संशोधनापेक्षा कमी असते. ओडीकेचीच पूर्वीची अ‍ॅग्रिगेट ही सर्व्हरप्रणाली मागे पडून सेंट्रलने तिची जागा घेतली. म्हणून जे साधन माहिती खुल्या स्वरूपात बाहेर काढू देत नाही, ते कितीही देखणे असले तरी स्वीकारू नये. लेखी नोंदी युनिकोडमधील साध्या मजकुराच्या तक्त्यात आणि ध्वनी वेव्ह स्वरूपात ठेवल्यास पुढील पिढीला त्या वाचता येण्याची शक्यता सर्वाधिक. असा तक्ता एक्सेलमध्ये थेट उघडल्यास देवनागरीऐवजी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. तेव्हा माहिती नष्ट झाली असे न समजता तक्ता आयात करताना यूटीएफ-८ हा संकेत निवडावा. त्याच अवस्थेत तो पुन्हा साठविणे मात्र टाळावे.

८. समारोप

या विवेचनावरून एक कार्यपद्धती सुचते. सर्वेक्षणापूर्वी विभागातील दोन-तीन जणांनी निवडलेल्या साधनावर दहा नोंदी कराव्यात. मोबाइलचा संपर्क बंद ठेवावा, मध्येच तो बंद करून पाहावा, ‘दऱ्या’ आणि ‘व्हता’ लिहून पाहावे, नोंदी कूटबद्ध करून किल्लीने उघडाव्यात आणि अखेरीस सर्व माहिती बाहेर काढून दुसऱ्या संगणकावर वाचावी. या चाचणीत उतरेल ते साधन घ्यावे. न उतरल्यास वही आणि ध्वनिमुद्रक यांची जुनी जोडी अधिक विश्वासार्ह समजावी. प्रबंधाच्या पद्धतिविषयक प्रकरणात साधनाचे नाव, आवृत्ती, मुद्रणाची गुणवत्ता आणि नोंदी कोठे ठेवल्या, याचा उल्लेख करण्याची प्रथाही पडावयास हवी. हस्तलिखिताचे संपादन करताना लेखनिक, काळ आणि प्रत यांची माहिती देणे जसे अनिवार्य मानले जाते, तसेच हे आहे. वृद्ध निवेदक पुन्हा भेटेलच याची शाश्वती नसते. त्याचा शब्द एकदाच मिळतो, आणि तो ज्याच्या हाती पडतो त्या साधनाची पारख आधी करणे हे संकलकाचे कर्तव्य ठरते.