नारायणगाव ते वाशी

रात्री ९. नारायणगावात पिकअपमध्ये टोमॅटोचे कॅरेट चढतायत. चालक दुपारपासून मळ्यामळ्यांतून माल गोळा करत फिरलाय, जेवण उभ्या उभ्या उरकलंय. पहाटे वाशीच्या बाजार समितीत माल लागायलाच हवा. उशीर झाला की भाव पडतो आणि बोल त्याला ऐकावे लागतात.

रात्री ११. आळेफाटा. चहा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबाने १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असतं आणि दिवसाला ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. टपरीचा कप त्याच्या निम्मा. इथवर काळजीचं कारण नाही.

रात्री १२. माळशेज घाट उतरायच्या आधी फ्रिजमधली एनर्जी ड्रिंकची वीस रुपयांची बाटली. भारतातल्या नियमाप्रमाणे अशा पेयात लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅम कॅफीन चालतं, म्हणजे २५० मिलिलिटरच्या बाटलीत ७५. १५० मिलिलिटरच्या दीड-दोन कप चहाइतकंच. मग अडचण कुठे आहे? चहा फुंकून, गप्पा मारत प्यायला जातो. गारेगार गोड बाटली दोन मिनिटांत संपते आणि रात्रभराच्या चहात तिची मोजणी कुणी करत नाही. वर साखर. ‘दिवसाला ५०० मिलिलिटरपेक्षा जास्त नको, मुलांनी, गरोदर व स्तनदा मातांनी घेऊ नये’ ही सूचना बाटलीवर असते, पण इतक्या बारीक अक्षरात, की टपरीच्या उजेडात वाचता येत नाही.

आज खेळाडूंच्या जाहिरातींत मिरवणारं हे पेय मुळात अशाच माणसांचं. थायलंडमध्ये १९७० च्या दशकात ‘क्राटिंग डेंग’ ट्रकचालक आणि मजुरांना विकलं जाई. त्यावरूनच १९८७ मध्ये ऑस्ट्रियात ‘रेड बुल’ बाजारात आलं.

पहाटे ३. मुरबाड, कल्याण मागे पडलं, शिळफाटा आला. ही वेळ सगळ्यात वाईट. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन साठत जातं आणि झोपेची हाक देतं. कॅफीन त्याची जागा अडवून बसतं, त्यामुळे हाक ऐकू येत नाही. झोप मात्र तशीच शिल्लक राहते. ताशी ६० च्या वेगाने तीन सेकंद डोळा लागला, तर गाडी ५० मीटर चालकाविना गेलेली असते. इथे दुसरी बाटली फोडण्यापेक्षा गाडी सुरक्षित जागी लावावी, एक कप कॉफी घ्यावी आणि लगेच पंधरा मिनिटं डोळे मिटावेत. कॅफीनचा असर चढायला अर्धा तास लागतो, तेवढ्यात डुलकी होऊन जाते. इंग्लंडच्या लफबरो विद्यापीठात १९९० च्या दशकात पेंगुळलेल्या चालकांवर हे तपासलं गेलं आणि दोन्ही मिळून घेतल्याचा फायदा दिसला. आपल्या चालकाला पंधरा मिनिटं थांबणं परवडत नाही, हे मला फार लागतं.

पहाटे ५. वाशी. माथाडी माल उतरवतात. किटलीवाल्याचा चहा.

सकाळी ७. रिकामे कॅरेट भरून परतीची वाट. पुन्हा बाटली. माझ्या मते रात्रीच्या बाटलीपेक्षा हीच जास्त महाग पडते. घेतलेल्या कॅफीनपैकी निम्मं जायला साधारण पाच तास लागतात. दुपारी तो अंथरुणावर पडेल तेव्हा निम्म्याच्या जवळपास रक्तात असणार. झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅमनेही तासाहून जास्त झोप कमी झाल्याचं २०१३ च्या एका अभ्यासात आढळलं. म्हणून पहाटेच्या चहानंतर कॅफीन बंद, आणि डोळे जड झाले तर परतीलाही गाडी बाजूला घ्यायची. छातीत धडधड, हात थरथरत असतील तर त्या दिवशी पुढचा घोट नाहीच.

दुपारी १. घर. शाळेतून आलेला मुलगा डॅशबोर्डवरची अर्धी बाटली उचलतो. बाप ती काढून घेतो आणि मोरीत ओततो. शाळांपासून ५०० मीटरच्या आत ही पेयं विकू देणार नाही, असं राज्य सरकारने जुलै २०२४ मध्ये विधान परिषदेत सांगितलं. ते गावोगावच्या टपरीपर्यंत पोचायला हवं.

दुपारी ३. पत्र्याखाली उकाडा, झोप तुटक. १९६१ च्या मोटर वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती ठरवली होती, पण ती पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यांसाठी. एका पिकअपच्या मालकाला ती लागूच नव्हती.

दुपारी ४. फोन. “दादा, पाचला या, माल तयार आहे.”

“सातला येतो,” तो म्हणतो. “झोप झाली नाही माझी.”