नोंद साखळीत, वस्तू कुठे?

ब्लॉकचेन म्हणजे हजारो संगणकांवर एकाच वेळी जपलेली समाईक नोंदवही, एवढे आता आपल्या कानांवरून गेले आहे. तीत एकदा केलेली नोंद मागाहून बदलणे जवळजवळ अशक्य. म्हणून चित्र, दस्त, प्रमाणपत्र ‘ब्लॉकचेनवर ठेवले’ की ते कायमचे राहिले, असा समज होतो. तो तपासून पाहू.

बिटकॉइनची नुसती नोंदवहीच आज ५०० जीबीहून मोठी आहे. अशा वहीत चित्रे भरणे फार महाग पडते. म्हणून बहुधा वहीत केवळ पत्ता लिहितात आणि वस्तू दुसरीकडे ठेवतात. २०२२ साली एफटीएक्स ही कंपनी दिवाळखोरीत गेली. तिच्या मंचावर तयार झालेल्या अनेक डिजिटल चित्रांच्या मालकीच्या नोंदी साखळीत शाबूत राहिल्या, पण चित्रे दिसेनाशी झाली. त्यांचा पत्ता त्या कंपनीच्याच संगणकांचा होता.

यावरचा उपाय विकेंद्रित साठवण. २०१५ साली आलेली आयपीएफएस ही पद्धत घ्या. तिथे पत्ता जागेचा नसून मजकुराचा असतो. मजकुरावर गणिती प्रक्रिया करून त्याचा ठसा काढतात, तोच पत्ता. एक काना बदलला तरी ठसा बदलतो. त्यामुळे प्रत कोणाकडूनही घ्या, ती अस्सल आहे का हे तुमचा संगणकच पडताळतो.

मात्र ठसा प्रत जपत नाही. सहज उतरवून घेतलेल्या प्रती संगणक जागा मोकळी करताना पुसतो. ‘ही ठेवायची’ असे कोणीतरी सांगावे लागते. २०२०मध्ये सुरू झालेल्या फाइलकॉइनने त्यासाठी मोबदला आणला. साठवणाऱ्याने प्रत जवळ असल्याचा गणिती पुरावा रोज द्यायचा. चुकल्यास अनामत कापली जाते. तरी करार मुदतीचाच.

आम्हा जैनांना ही काळजी जुनी आहे. ‘धवला’ टीकेची ताडपत्रे शतकानुशतके मूडबिद्रीलाच उरली होती. नकला बाहेर आल्या, १९३९पासून ती अमरावतीहून छापली जाऊ लागली, तेव्हा कुठे एकाच भांडारावरची भिस्त संपली. ग्रंथाच्या नकला करवून देण्याला आमच्याकडे शास्त्रदान म्हणतात.

तुमच्या घरच्या सनदा, मोडी कागद किंवा संस्थेचे जुने अंक ‘ब्लॉकचेनवर कायमचे ठेवतो’ असे कोणी म्हणाले, तर विचारा: प्रती किती, कोणाकडे, किती मुदतीच्या आणि पुढचा खर्च कोणाचा? खासगी कागद मात्र उघड्या जाळ्यात घालू नका. तिथून गेलेली प्रत परत मागता येत नाही.