थरथरता पाट

बत्तीस वर्षे मी शाळेत मुलांकडून कित्ते गिरवून घेतले. पहिला ‘क’ जसा, तसाच शंभरावा, हा माझा खाक्या. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात टोरांटोला मुलाकडे गेलो असता नातवाचा बर्फावरच्या हॉकीचा सराव पाहून मी बेचैन झालो.

या हॉकीत चेंडू नसतो. तीन इंच व्यासाची, इंचभर जाडीची टणक रबरी चकती असते. नातू एकाच जागेवरून वीसदा ती मारी आणि वीसही वेळा गुडघा, कंबर, मनगट यांची तऱ्हा निराळी! चकत्या मात्र बहुतेक जाळ्यात. त्यातून जांघेचा स्नायू दुखावून तो नुकताच उठलेला. संघात पुन्हा घेतील की नाही, या घोराने सूनबाईला धड झोप नव्हती.

“अरे, एकसारखे मारायला शीक!” न राहवून मी बोललो.

“आजोबा, उद्या व्यायामशाळेत चला.”

तेथे पाटासारखे एक यंत्र होते. गुडघे किंचित वाकवून वर उभे राहायचे. बटण दाबताच पाट सेकंदाला तीसेक वेळा थरथरतो, उसळी जेमतेम दोनचार मिलिमीटरची. स्नायूतला ताण ओळखणारे सूक्ष्म संवेदक त्याने चाळवतात आणि स्नायू आपसूक आवळतात. मीही उभा राहिलो. कवळी वाजू लागली तसा उतरलो!

“याने ताकद वाढते?” मी शिक्षिकाबाईंना विचारले.

“संशोधकांत एकमत नाही,” बाई मोकळेपणाने म्हणाल्या. त्यांची नजर दुसरीकडेच होती. दुखापतीच्या धास्तीने मुलगा एकाच साच्यात आखडत तर नाही ना, हे त्या पाहत होत्या.

मग त्यांनी बर्नस्टाइन या रशियन शास्त्रज्ञाची हकिगत सांगितली. १९२०च्या दशकात मॉस्कोत त्याने छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कसबी कामगारांच्या अंगाला छोटे दिवे बांधून छायाचित्रे घेतली. हातोडा नेमका छिन्नीवर पडे. पण खांदा आणि कोपर यांची वाट दर घावाला थोडी वेगळी! एक सांधा चुकला की दुसरा सावरून घेई.

माझे कित्ते आठवून मी जरा ओशाळलोच.

शनिवारी नातवाला दुसऱ्या डावात उतरवले. प्रतिस्पर्ध्याच्या धक्क्याने तो तिरपा झाला, एक पाय हवेत, आणि तशातच मनगटाच्या हिसक्याने त्याने चकती सोबत्याकडे सारली. तसला फटका सरावात मी एकदाही पाहिला नव्हता. सूनबाईने माझा हात इतका घट्ट धरला होता, की घड्याळाचा पट्टा तुटला.