गिरवणे आणि लिहिणे

कामगार चळवळीतला माणूस मुलांच्या हस्ताक्षरावर काय सांगणार, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. त्यांस आमचे उत्तर एवढेच की, गुरुजींच्या खालोखाल दुसऱ्याचे अक्षर वाचण्याचे काम आमच्याच वाट्याला येते. कामगारांचे अर्ज, तक्रारी, राजीनामे वाचण्यात आमची हयात गेली.

एका कारखान्यातला मोल्डर काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आला. सातवी शिकलेला. सही इतकी वळणदार की पाहत राहावे. त्याच सहीने त्याने हिशेब पुरा मिळाल्याचा कागद मालकास दिला होता. हाती मात्र निम्मीच रक्कम आली होती. आम्ही विचारले, "सहीच्या वर 'बाकी रक्कम मिळाली नाही' एवढी एक ओळ का लिहिली नाहीत?" तो म्हणाला, "अण्णा, फळ्यावरचं उतरून घ्यायला येतंय. मनातलं लिवायला कुणी शिकवलंच न्हाई."

अक्षर काढणे आणि लिहिणे या दोन गोष्टी आहेत, हे आम्हांस त्या दिवशी समजले. पुस्तके आम्ही त्यानंतर चाळली.

आपल्याकडे अक्षर घोटण्याची परंपरा जुनी आहे. पाटीवर धूळ पसरून तीत बोटाने धुळाक्षरे काढायची, मग बोरू हाती घ्यायचा आणि गुरुजींच्या वळणाचा कित्ता गिरवायचा. समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातला पहिला समास लेखनक्रियेवरच खर्चिला आहे. अक्षराची गोलाई, ओळींचा सरळपणा, शाईचा काळेपणा, कडेला सोडायची जागा, सारे त्यात आहे. मात्र तो उपदेश आरंभीच ब्राह्मणास उद्देशून आहे, हेही नमूद केले पाहिजे. लेखणी कोणाच्या हाती असायची हे तेव्हा ठरलेले होते. महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले, त्यात शूद्रांच्या मुलांसाठी मोडी व बाळबोध लिहिणे-वाचणे आणि हिशेब यांची मागणी होती. सावकाराचा कागद मोडीत असे, म्हणून मोडी! आणि १९१७ साली आपल्या शाहू महाराजांनी करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकास महिना एक रुपया दंड ठेवला. आमच्यासारख्यांच्या घरात पाटी आली ती या वाटेने.

आता मुलाच्या हाताकडे वळू. मनगटात आठ लहान हाडे असतात. जन्मतः ती कूर्चेची असतात आणि बाराव्या वर्षाच्या सुमारापर्यंत हळूहळू हाडांत रूपांतरित होतात. तेव्हा चार वर्षांच्या पोराकडून पानभर 'अ' काढून घेणे म्हणजे शिकाऊ उमेदवाराच्या हाती पहिल्याच दिवशी वितळलेल्या लोखंडाची पळी देणे होय. आधी त्याला भुईमुगाच्या शेंगा फोडू द्याव्यात, माती मळू द्यावी, मणी ओवू द्यावेत, अंगणात रांगोळीच्या रेघा ओढू द्याव्यात. पेन्सिल धरणारी तीन बोटे अशा कामांनीच तयार होतात. डावखुऱ्या मुलाचा हात बांधण्याची चाल तर आता तरी सोडावी. देवनागरी डावीकडून उजवीकडे जाते, त्यामुळे त्याचा हात लिहिलेल्यावरून फिरतो व अक्षर पुसते. वही थोडी तिरपी ठेवून दिली आणि पेन्सिल टोकापासून जरा वर धरायला सांगितली की काम भागते.

मारिया माँटेसरी बाईंनी १९०७ साली रोममध्ये पहिले बालगृह काढले ते सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत. खरखरीत कागदाची अक्षरे कापून त्या मुलांची बोटे त्यांवरून फिरवीत. वाचण्याआधी मूल लिहू लागते असे त्यांना आढळले. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हीच दृष्टी आधी बोर्डीस आणि १९५७ पासून कोसबाडला वारल्यांच्या पाड्यांत नेली; महागडी साधने बाजूस ठेवून शिंपले, बिया, पाने वापरली. आमच्या धुळाक्षरांची ही बहीणच. फरक इतका की, इथे छडी नव्हती.

अक्षरे कोणत्या क्रमाने शिकवावीत? आम्ही 'अ आ इ ई' या क्रमाने शिकलो, आणि 'इ'चा शेपटा काढता काढता रडलो. वळणाने सारखी अक्षरे एकत्र घेतल्यास हाताला सोपे जाते. ग, म, भ, न यांना उजवीकडे सारखाच काना आहे. हात एकदा बसला की चारी अक्षरे येतात. 'गमभन' हा शब्द मराठीत रूढ झाला तो याच रीतीमुळे. मग व, ब, क. मग ट, ठ, ढ. 'ख' मात्र जपून शिकवावा. त्याचे दोन भाग सुटले की 'रव' होतो आणि 'खाना' 'रवाना' होतो. शिरोरेघेचेही तसेच आहे. 'ध' आणि 'भ' यांच्या डोक्यावर ती तुटलेली असते. घाईत सलग ओढली तर 'धन' चे 'घन' होते आणि 'भात' चा 'मात'. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून तिला अक्षरे टांगीत. बाळबोधीत शब्द पुरा झाल्यावर रेघ द्यावी, म्हणजे कुठे तोडायची ते मुलास दिसते.

आणखी एक अडचण मुलांची नव्हे, मोठ्यांची. 'ल' आणि 'श' ही अक्षरे पुस्तकात एका वळणाची आणि आईच्या हातात दुसऱ्या, असे कित्येक वर्षे चालले. २००९ च्या शासननिर्णयाने पाकळीचा 'ल' व देठाचा 'श' पुन्हा प्रमाण ठरवले. तरी घरात आईने तिच्या वळणाने लिहिले म्हणून मुलाच्या वहीवर लाल फुली मारू नये.

इथवर झाले ते अक्षर. लेखन अजून दूर आहे. शाळेत 'माझी आई' हा निबंध फळ्यावर लिहून दिला जातो आणि चाळीस वह्यांत एकच आई उतरते. तिच्या हाताला तंबाखूचा वास नसतो, ती विडी वळत नाही, ती पहाटे पाण्याच्या नळावर भांडत नाही! लीलाताई पाटील यांनी १९८५ साली कोल्हापुरात सृजन आनंद विद्यालय सुरू केले. मुलाने पाहिलेले, अनुभवलेले त्याच्या शब्दांत यावे, या गोष्टीला त्यांनी मोल दिले. रीत म्हटली तर साधी आहे. मुलाने बोलावे, गुरुजींनी तेच वाक्य फळ्यावर लिहावे, आणि मुलाने स्वतःचेच वाक्य गिरवावे. मग कित्ता परका राहत नाही. मूल 'न्हाई' म्हणाले तर आधी 'न्हाई' च लिहू द्यावे, शेजारी 'नाही' लिहून दाखवावे. ऱ्हस्व-दीर्घाची फुली पहिल्याच दिवशी पडली की पोर पुढचे वाक्य लिहीतच नाही. चुकण्यापेक्षा गप्प बसणे त्याला बरे वाटते. हा गप्पपणा पुढे चाळीस वर्षे टिकतो, हे आम्ही अर्जांवरून सांगतो.

आता फोनशी बोलले की तो अक्षरे उमटवतो, मग हा खटाटोप कशाला, असे तरुण पालक विचारतात. प्रश्न खोटा नाही. पण हिशेबाचा कागद कचेरीत टेबलावर सरकवतात तेव्हा फोनशी बोलायला बाहेर जाऊ देत नाहीत. तो मोल्डर पुढे दर रविवारी आमच्या कचेरीत येऊन नातवाच्या वहीत एक-एक वाक्य लिहू लागला. त्याचा 'ख' अजून फाटतो. बाकीच्या रकमेचा अर्ज मात्र त्याने आपल्या हाताने लिहिला, आणि आम्ही तो तसाच, एकही काना-मात्रा न बदलता, पुढे पाठवला.