बोर्डावर आधी काय आहे?

चवथीच्या आधी गोव्याच्या साखळी बाजारातल्या दुरुस्तीच्या टेबलावर दोन कामं हमखास येतात: मध्येच बंद पडणारा अँप्लिफायर आणि मखराच्या रोषणाईतली अर्धी विझलेली एलईडी पट्टी. पुष्कळदा सगळे पार्ट ठणठणीत असतात, दगा दिलेला असतो सोल्डरने.

पूर्वी सोल्डर म्हणजे 63 टक्के कथील आणि 37 टक्के शिसं. 183 अंशांना एकदम वितळायचं, एकदम गोठायचं. युरोपने 1 जुलै 2006 पासून शिशावर बंधन आणलं. आपल्याकडे 2011 च्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांना 0.1 टक्क्याची मर्यादा घातली. आता बऱ्याच बोर्डांवर एसएसी305 दिसतं: कथलात 3 टक्के चांदी, अर्धा टक्का तांबं. ते 217 अंशांना वितळू लागतं. जिथे चांदीचा खर्च टाळायचा असतो, तिथे नुसतं कथील-तांबं, 227 अंशांचं.

अँप्लिफायरचा बोर्ड उलटा करून भिंगाखाली धरला, की ट्रान्सफॉर्मरच्या पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. वजन, हादरे आणि रोजचं तापणं-निवणं यांतून ती पडते. शिसं नसलेला चांगला जोडही मळकट, दाणेदार दिसतो, त्यामुळे चकाकीवरून ड्राय सोल्डर, म्हणजे नीट न धरलेला जोड, ओळखता येत नाही. बघायची ती कड: सोल्डर पॅडवर पातळ होत पसरलंय, की गोळा होऊन बसलंय.

असा जोड सुटत नाही म्हणून आयर्नचं तापमान 420 वर नेलं, तर पॅडच उखडतो. ग्राउंडचं रुंद तांबं उष्णता ओढून घेतं, तेव्हा हवी असते जाड बिट आणि भरपूर फ्लक्स. 350 च्या आसपास काम होतं. जुनं सोल्डर विकने (शोषक जाळीने) पूर्ण उचलायचं आणि मग नवं भरायचं. शेवटी फ्लक्स धुवायचा. आपल्या दमट हवेत उरलेला आम्लयुक्त फ्लक्स तांबं खातो.

एलईडी पट्टीचं गणित वेगळं. काही ठिकाणी कमी तापमानाची पेस्ट वापरलेली असते: 42 टक्के कथील, 58 टक्के बिस्मथ, 138 अंश. त्यात शिशाची तार मिसळली तर तिन्ही धातूंचं मिळून 96 अंशांनाच वितळणारं मिश्रण तयार होऊ शकतं. पट्टी तापली की तो जोड मऊ पडतो आणि गिऱ्हाईक परत येतं. बोर्डावर ‘ई1’ छापलेलं असेल तर कथील-चांदी-तांबं, ‘ई6’ असेल तर बिस्मथ आहे. काहीच छापलेलं नसेल, तर आयर्न लावल्या लावल्या वितळणारा जोड संशयास्पद समजावा.

शिसं गेलं म्हणजे धूर निर्धोक झाला, असंही नाही. तो धूर मुख्यतः फ्लक्समधल्या राळेचा. त्याने दमा होऊ शकतो, म्हणून पंखा हवाच. शिसं धुरापेक्षा बोटांवाटे पोटात जातं, म्हणून चहाआधी हात धुणं हवं.

पेडण्यात तुये येथे इलेक्ट्रॉनिक्स उद्योगांसाठी वसाहत आखली आहे. पण अशा कारखान्यात मिश्रण निवडलं जातं ते कोऱ्या बोर्डासाठी. दुरुस्तीवाल्याला दुसऱ्याने केलेली निवड पुढे चालवायची असते. म्हणून नाइलाजाने शिशाची तार वापरलीच, तर बोर्डाच्या कोपऱ्यात मार्करने तसं लिहून ठेवावं. तो पुन्हा उघडणारा कदाचित दुसराच कोणी असेल.